सुईची वही

"थुंका! आधी थुंका! थुंका म्हणते ना मी!"

सिस्टर, आमच्या हॉस्पिटलात रुजू होऊन तुम्हाला अर्धा तास झाला असेल नसेल, आणि तुम्ही माझ्या लॅबच्या दारात उभ्या राहून ओरडत होतात. माझ्या तोंडात काचेची बारीक नळी, नळीत एका म्हाताऱ्याचं रक्त, आणि समोर स्टुलावर तो म्हातारा बोटाला कापूस दाबून बसलेला. तुमच्या आवाजानं मी दचकलो, खुणेपर्यंत ओढायचं ते पुढं ओढलं गेलं आणि रक्त थेट जिभेवर आलं. शहाणा माणूस बेसिनकडे धावला असता. मी काय केलं? डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि म्हटलं, "हिमोग्लोबिन साडेनऊ. आजोबा, तुम्ही भाट्याचे. आणि सकाळी कुळथाचं पिठलं खाऊन आलात."

म्हातारा स्टुलावरून पडायचाच बाकी होता. "अवो, खरां की वो!"

भाट्ये हे गाव केसपेपरवर लिहिलेलं होतं आणि पिठलं त्याच्या सदऱ्यावर सांडलेलं होतं. ते दोन्ही तुमच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. "नाव काय तुमचं?" विचारलंत. मी म्हटलं, दत्ता सावंत, लोक दत्ताभाऊ म्हणतात. तुम्ही म्हणालात, "दत्ताभाऊ, आधी चूळ भरा. आणि परत त्या नळीला तोंड लावलेलं दिसलं तर नळी फोडून टाकीन."

पुढं ही गोष्ट मी इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली, की दोन वर्षांनी आंजर्ल्याच्या माझ्या मामेभावानं तीच मला ऐकवली: रत्नागिरीत म्हणे कोणी लॅबवाला आहे, रक्त चाखून माणसाची पत्रिका मांडतो.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. सातव्या दिवशी ओपीडीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सगळे म्हणाले, दत्ताभाऊ, तुम्हीच बोला, तुम्हाला जमतं. मी बोललो. हीच थुंकण्याची गोष्ट सांगितली, तुमच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. लोक डोळे पुसता पुसता हसले. चेअरमनसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टाळ्या वाजायच्या तेवढ्या राहिल्या. मी जागेवर जाऊन बसलो आणि वॉर्डातल्या मथुराबाईंनी दिलेला चहा प्यायलो.

तिथं जे बोललो नाही ते इथं लिहितोय. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. पहिल्या खेपेला मी सांगतो ते छान असतं आणि निम्मं असतं. तेव्हा मध्ये कुठं थांबलो तर मला पुढं ढकला. आता तुम्ही ढकलणार नाही, मलाच ढकलावं लागेल.

*

विमल चाळके, खेड तालुक्यातल्या, घाटावरच्या एका मिशनच्या दवाखान्यात शिकून आलेल्या, एवढीच तुमची माहिती आमच्यापर्यंत पोचली होती. आम्हाला वाटलं, आली असेल अशीच, चार महिन्यांत लग्न करून मुंबईला जाईल. पण तुम्ही आलात त्या एक रबरी फुगा घेऊन. अत्तरदाणीला असतो तसा, लहानसा. नळीच्या टोकाला तो लावायचा, दाबायचा, सोडायचा, रक्त आपसूक वर चढतं. तोंड लावायची गरजच नाही. माझ्यासाठी मुद्दाम मागवला होतात.

मी त्याचा हॉर्न केला. वॉर्डातून चालताना पीं पीं वाजवायचा आणि पेशंटांना म्हणायचं, बाजूला व्हा, बोरिवली गाडी आली. बायाबापड्या हसायच्या. तुम्ही म्हणालात, "तोंड बोलायला ठेवा हो तुमचं. तेवढ्यात तरी ते कामाचं आहे." त्यावर सगळा वॉर्ड हसला, आणि मला ते लागलं. खोटं कशाला सांगू? माझ्या वॉर्डात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी हसवलेलं मला चालायचं नाही.

पण एकदा तुम्हाला मी हसवलं. हे आठवतं तेव्हा मला जरा बरं वाटतं, म्हणून आधी सांगून घेतो. तेव्हा आमच्याकडे रबरी हातमोजे फक्त ऑपरेशन थिएटरात. तेही उकळून, वाळवून, पावडर लावून परत परत वापरायचे, आणि फाटले की सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळ लावायचं. तुम्ही थिएटरातून टाकून दिलेला एक जोड आणलात, मथुराबाईंना सुया धुवायला. मथुराबाई म्हणजे आमच्या आया. काचेच्या सिरिंजा आणि सुया धुणं, सुईच्या भोकात तार घालून ती साफ करणं, मग उकळत्या पाण्यात टाकणं, हे सगळं त्या उघड्या हातांनी करायच्या. तर तो मोजा मी उजेडात धरला आणि म्हटलं, "सिस्टर, ह्याला मी ओळखतो. ह्याचं पहिलं ठिगळ मी नोकरीला लागलो तेव्हा लागलं. मग ठिगळाला ठिगळ. आता मूळ मोजा ह्यात कुठंच राहिलेला नाही, तो पेन्शनीत गेला. हे नुसतं ठिगळांचं संमेलन आहे. आणि ह्या अंगठ्याचं तर मागल्या वर्षी बारसं झालं, मी घुगऱ्या खाल्ल्यात."

तुम्ही हसलात. नुसत्या हसला नाहीत, खाली बसलात, डोक्यावरची टोपी सुटून मांडीवर पडली. मथुराबाई म्हणाल्या, "ह्यो मानुस मेलेल्याला हसवंल." त्या दिवशी घरी जाताना मी खाडीच्या पुलावर उगाचच थांबलो आणि एकटाच हसलो. बायकोलाही तुमचं हसणं सांगितलं, मोजा सांगितलाच नाही.

हे एवढं चांगलं. आता पुढं.

*

पहिल्या वर्षाच्या शेवटी तुम्ही ती वही काढलीत. शंभर पानी, निळं पुठ्ठ्याचं कव्हर, वर तुमच्या गोल अक्षरात "सुई टोचल्याच्या नोंदी". आत उभ्या रेघा मारलेल्या: तारीख, कोणाला टोचली, कोणत्या पेशंटची सुई, कोणाच्या हातची, टोचल्यावर काय केलं. तुम्ही आम्हा सगळ्यांना एका दुपारी बसवून समजावलंत. रक्तातून एक कावीळ येते. पाण्यातली कावीळ वेगळी. ही एका थेंबातून येते, चार चार महिने दडून बसते आणि कधी माणूस घेऊन जाते. म्हणून टोचली तर लपवू नका, लिहा. "कुणाला ओरडायला नाही ही वही," तुम्ही म्हणालात, "कुठं चुकतंय ते कळायला आहे."

मी हात वर केला. "सिस्टर, बायकोनं टोचून बोललेलं पण लिहायचं काय?"

सगळे हसले. तुम्हीही थोड्या हसलात आणि म्हणालात, "त्याला शंभर पानं पुरायची नाहीत, दत्ताभाऊ."

वही ड्यूटीरूमच्या खिळ्याला दोरीनं टांगलेली असायची. पहिल्या दोन महिन्यांत कोणी लिहीना. मग मथुराबाईंनी सुरुवात केली. त्यांना लिहिता यायचं नाही. त्या सांगायच्या आणि तुम्ही लिहायचात.

आता मी कसं काम करायचो ते सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वॉर्डात रक्त घ्यायला जायचं, एका हातात काचेची सिरिंज. रक्त ओढून झालं की सुई काढावी लागते, कारण सुईतूनच जोरानं बाटलीत सोडलं तर रक्त फुटतं, तपासणीला निकामी होतं. म्हणजे एका हातात सिरिंज, दुसऱ्यात बाटली, आणि सुई कुठं ठेवायची? ट्रे आणायला हवा. ट्रे आणायचा म्हणजे दोन फेऱ्या. मी काय करायचो, सुई पेशंटच्या गादीच्या काठात खोचायचो. आमच्या गाद्या काथ्याच्या, सुई अशी ताठ उभी राहायची की काय बिशाद हलेल. बाटलीला चिठ्ठी लावली, पेशंटला एक गंमत सांगितली, सुई उचलली, निघालो. अकरा वर्षं असंच केलं. आणि उचलायला विसरलो किती वेळा? मी सांगायचो, कधीच नाही.

वहीत गादीतल्या सुईच्या तीन नोंदी होत्या. "गादीत सुई. मथुराबाई. हाताला." "गादीत सुई. मथुराबाई. बोटाला." तिसरी एका पेशंटच्या सुनेची. "कोणाच्या हातची" ह्या रकान्यात तिन्ही वेळा तुम्ही विचारून लिहिलं होतंत: लॅब. मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं, सावंत, परत गादीत सुई सापडली तर मेमो देईन. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी मला चहा पाजला.

*

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात दहा नंबरच्या खाटेवर बोटीवरचा एक खलाशी होता. डोळे हळदीसारखे. सकाळी मी त्याचं रक्त घेतलं. बोटीवरच्या भुताची गोष्ट तो मला सांगत होता आणि मी त्याला माझ्या भुताची सांगत होतो. माझं भूत मोठं होतं. दोघंही रंगलो होतो. मी बाटली घेतली, सिरिंज घेतली, निघालो.

दुपारी तुम्ही चादर बदलायला गेलात. मी तेव्हा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होतो. तुमचं "आई गं" ऐकू आलं. मोठ्यानं नव्हतं. मी आलो तेव्हा तुम्ही नळाखाली हात धरून उभ्या होतात, आणि पाणी किती वेळ वाहतंय त्याची गणतीच नव्हती. तळहातात, अंगठ्याच्या खाली, एक लाल ठिपका. सुई तुम्ही कापसावर ठेवली होतीत.

"दत्ताभाऊ, ही कुणाची?"

सिस्टर, ती सुई मी लांबूनच ओळखली होती. तिचं बूड एका बाजूला चेपलेलं होतं, माझ्याच हातून पडून. माझ्या पायाचा अंगठा मी जसा ओळखतो तशी ती ओळखतो. मी जवळ गेलो, वाकलो, चष्मा वर केला, नीट पाहिल्यासारखं केलं.

"आपली नाही," म्हटलं. "पाळीवरच्या डॉक्टरांची असेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला त्या पाहण्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्याकडे उत्तर एकाच जातीचं असतं. म्हटलं, "बरं झालं सिस्टर, खलाशाचं रक्त अंगात गेलं. आता तुम्ही न शिकता पोहाल."

तुम्ही स्पिरिट लावलंत, हात पुसलात आणि वहीत लिहिलंत. मी नंतर वाचलं. तारीख. विमल चाळके. दहा नंबरची खाट. कोणाच्या हातची: समजलं नाही. काय केलं: धुतलं.

*

चैत्रात ट्रस्टींची मीटिंग होती. तुम्ही अर्ज केला होतात की मला पाच मिनिटं बोलू द्या. तीन गोष्टी मागणार होतात: धुणाऱ्या बायांना नवे हातमोजे, प्रत्येक वॉर्डात वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा औषधी पाण्याचा डबा, आणि लॅबमध्ये तोंडानं रक्त ओढायला बंदी. पुरावा म्हणून वही नेणार होतात.

मीटिंगच्या आदल्या दिवशी ड्यूटीरूम रिकामी होती. मी वही काढली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहायला लागलो.

"टोचणारा: डास. वजन पाव किलो. भाट्याहून खाडी ओलांडून आला. काय केलं: चहा पाजून परत पाठवला."

"कोणाला टोचलं: श्री. दत्ताराम सावंत. कशानं: पेडवा माशाचा काटा. कोणाच्या हातची: बायकोच्या. काय केलं: उरलेला पेडवा खाल्ला."

"कोणाला टोचलं: चेअरमनसाहेबांच्या बागेतला हापूस. टोचणारा: पोपट. काय केलं: पोपटाला लेखी ताकीद. आंबा उपचारादरम्यान दगावला."

अशी सात-आठ. पान भरलं, अर्धं उलटलं. लिहिताना मी एकटाच हसत होतो.

ही गोष्ट मी आमच्या माणसांना अशी सांगायचो, की मला काय माहीत दुसऱ्या दिवशी सिस्टर तीच वही नेणार आहेत? गंमत केली, जमून आली. हे खोटं आहे. मला माहीत होतं. तुम्ही अर्ज माझ्यासमोरच लिहिला होतात. मग मी स्वतःशी असं सांगायला लागलो, की माझी हौस होती, चेअरमनांनी माझं वाचावं, म्हणून पोपट घातला. हे थोडं खरं आहे. पण सगळं नाही. सगळं असं आहे, की वहीत तीनदा "लॅब" लिहिलेलं होतं आणि चौथ्या जागी "समजलं नाही". ती वही कोणी गंभीरपणे वाचली असती तर चौथ्याचं उत्तर शोधायला कुणाला मिनिटसुद्धा लागलं नसतं. मेमोला भ्यालो मी. एका कागदाला. म्हणून मी ती वही कोणी गंभीरपणे वाचू नये अशी व्यवस्था केली.

एवढं सरळ वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मीटिंगला आम्ही विभागाविभागाची माणसं मागच्या बाकावर होतो. तुम्ही उभ्या राहिलात, इस्त्रीच्या गणवेशात, हातात कागद. वही चेअरमनसाहेबांपुढं ठेवलीत. ते बागायतदार माणूस, मनानं वाईट नाही, पण मीटिंगमध्ये कंटाळायचे. त्यांनी वही शेवटच्या लिहिलेल्या पानावर उघडली. एक ओळ वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग मोठ्यानं वाचायला लागले.

पाव किलोच्या डासाला टेबल हललं. पेडव्याला एकाला ठसका लागला. पोपटाच्या ताकिदीला मोठे डॉक्टरसुद्धा रुमाल तोंडाशी धरून वाकले. आणि मी? मी तर सगळ्यात मोठ्यानं हसलो.

तुम्ही कागद हातात धरून उभ्याच होतात. तुम्हाला आधी कळेनाच, लोक कशाला हसताहेत. मग कळलं.

"चाळके सिस्टर," चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही चुकून नर्स झालात. नाटक लिहायला हवं होतं. का दुसऱ्या कुणाचं अक्षर आहे हे?"

सिस्टर, त्या खोलीत माझं अक्षर न ओळखणारा माणूस नव्हता. हॉस्पिटलातला प्रत्येक रिपोर्ट माझ्या हातचा. डॉक्टर टेबलाकडे बघायला लागले. तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "वही माझी आहे, साहेब. मी सांभाळायला हवी होती."

"हातमोज्यांचं बघू पुढच्या मीटिंगला," ते म्हणाले आणि वही स्वतःच्या पिशवीत टाकली. "ही घरी नेतो. मंडळी हसून हसून मरतील."

संध्याकाळी पाळी सुटताना जिन्यात तुम्ही मला गाठलंत. मला वाटलं, आता त्या पहिल्या दिवसासारख्या ओरडणार. ओरडला असतात तर मी कायतरी बोलून सुटलो असतो. तुम्ही हळूच म्हणालात, "छान लिहिता तुम्ही, दत्ताभाऊ. पण त्या वहीत मथुराबाईंच्या सहा नोंदी होत्या. त्यांना लिहिता येत नाही. त्यांचं तेवढंच लिहिलेलं होतं."

आणि खाली उतरून गेलात. मी वर चढत होतो की खाली उतरत होतो तेच विसरलो.

*

आषाढात तुम्ही एक दिवस लॅबमध्ये आलात आणि म्हणालात, "माझे डोळे बघा हो जरा, उजेडात." मी बघितले. खोटं बोलायला माझी जीभ उचलली होती, पण ते इतके पिवळे होते की माझ्यासारख्यालाही जमलं नाही.

रक्त मीच घेतलं. दुसरा होता कोण? तुमची शीर बारीक, पण पहिल्या झटक्यात मिळाली. सिरिंज भरली, सुई काढली, आणि माझा हात सवयीनं बाजूला, तुम्ही बसला होतात त्या गादीकडे वळला. तुम्ही एवढंच म्हणालात, "ट्रेमध्ये."

मी ट्रेमध्ये ठेवली.

आत जाऊन कपाटाच्या तळातून तो रबरी फुगा काढला. धूळ झटकली, धुतला, नळीला लावला. आयुष्यात पहिल्यांदा तोंड न लावता रक्त ओढलं. तुम्ही दारातून बघत होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. तुम्हाला वाटलं असेल, शेवटी ऐकलं ह्यानं. सिस्टर, मी तुमचं ऐकलं नव्हतं. मी तुमच्या रक्ताला भ्यालो होतो. ज्या रक्तात ती कावीळ माझ्यामुळंच गेली, त्याच रक्ताला.

चेअरमन म्हणाले, पाणी उकळून प्यायला सांगा, गावात साथ आहे. पण मोठ्या डॉक्टरांनी नमुना मुंबईला पाठवला आणि उत्तर आलं: रक्तातली. डॉक्टरांना तुमच्या कागदांवर लिहायचं होतं, की हे ड्यूटीवर झालं. तुम्हाला पण तेवढंच हवं होतं. स्वतःसाठी म्हणून नाही. तुम्ही म्हणालात, "एकदा लिहिलं गेलं की डबे आणावेच लागतील त्यांना." डॉक्टरांनी विचारलं, कधी टोचलं, कोणत्या पेशंटचं? तुम्ही म्हणालात, "वहीत तारीख आहे. खाट आहे. सगळं आहे."

वही मागवली. चेअरमनांच्या घरून निरोप आला, की उन्हाळ्यात पाहुणे आले होते, त्यांना फार आवडली, कोणीतरी वाचायला नेली, आता कोणाकडे आहे ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी पेन उचललेलं ठेवून दिलं. लेखी नोंदीशिवाय ट्रस्टी मानणार नव्हते. मग परत उचललं आणि लिहिलं, "कारण अनिश्चित." मी तिथंच उभा होतो, हातात तुमचा रिपोर्ट. मला तारीख पाठ होती. खाट पाठ होती. त्या खलाशाचं भूत किती उंच होतं तेसुद्धा पाठ होतं. ज्या माणसाची बडबड अख्ख्या रत्नागिरीत कोणाला थांबवता आली नाही, तो तिथं मुका उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "सावंत, जा तुम्ही." मी गेलो.

श्रावणात तुमचे भाऊ येऊन तुम्हाला खेडला घेऊन गेले. जीपमध्ये बसताना तुम्ही मथुराबाईंचा हात हातात घेतलात आणि उलटसुलट करून तपासलात, जखम बिखम आहे का म्हणून. मला म्हणालात, "येते हं." मी म्हटलं, "या या, परत आलात की नवीन मोज्याचं बारसं करू." तुम्ही हसायचा प्रयत्न केलात.

माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं ते. तिथंही मी गंमतच केली.

*

खेडहून तुम्ही वारल्याची बातमी आली आणि आठवड्याच्या आत डबे आले. झाकणाचे, प्रत्येक वॉर्डात एक. मोजे आले, बिनठिगळांचे. कोणी वही वाचून नाही आणले. सगळे घाबरले होते. त्यातून पेपरात मुंबईकडच्या त्या नव्या रोगाची, रक्तातून पसरणाऱ्या, बातमी येऊन गेली होती. मथुराबाईंनी मोजे घातले आणि हात समोर धरून रडल्या. मला म्हणाल्या, "बोला की कायतरी." मी त्यांच्या मनगटाशी मोजे नीट ओढून दिले.

काल मी दोन कागद लिहिले. दोन्ही सारखेच. तारीख, दहा नंबरची खाट, काविळीचा पेशंट, गादीत सुई, कोणाच्या हातची: दत्ताराम सावंत, लॅब. विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. वही मी नासवली. खाली सही. एक कागद आज सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्यासमोर. त्यांनी वाचला आणि तुमची फाईल मागवली. पुढं काय करतात ते त्यांचं. मेमो येईल, कदाचित त्याहून जास्त येईल. येऊ दे.

दुसरा कागद घेऊन मी लगेच खेडला गेलो. तुमच्या घरी पहिल्यांदाच. तुमचे भाऊ मास्तर आहेत हे तुम्ही सांगितलं होतंत, पण ते दिसायला इतके तुमच्यासारखे आहेत हे नव्हतं सांगितलं. पडवीत बसवलं, पाणी दिलं. मी कागद दिला आणि तोंडानंही सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसं. एकही ठिगळ लावलं नाही.

त्यांनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला, पोरांची वही तपासतात तसा, ओळीवर बोट ठेवून. मग विचारलं, "ह्यात वाढवून लिहिलेलं काही नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"साडेचारची रत्नागिरी गाडी आहे," ते म्हणाले. "आत्ता निघालात तर मिळेल."